सासरेबुवांची गाडी आणि माझा सरस

मी बांधलेलं पुस्तक सुटत नाही. ही बढाई नाही. गावातली कॉलेजं, कोर्ट आणि पुस्तकं उशाखाली घेऊन झोपणारे असंख्य विद्यार्थी याची साक्ष देतील. पानं पिवळी पडतील, वाळवी लागेल, वाचणारा कंटाळून उठून जाईल, पण पान आणि पुठ्ठा यांची फारकत होणार नाही! माझ्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर खालच्या कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत ठसा असतो, ‘बांधणी पक्की’. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात दोष कामाचा नव्हता, उन्हाचा होता, हे तुमच्या लक्षात राहील.

सासरेबुवा जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून सासूबाई घराबाहेर पडल्या नव्हत्या. आजारी नव्हत्या. पाय ठणठणीत आणि जीभ त्याहून ठणठणीत. पण बाहेर पडायचं म्हटलं की त्यांचं काहीतरी निघायचं. भाजी खिडकीतून घ्यायच्या, डॉक्टरला घरी बोलवायच्या, आणि गल्लीत काय चाललंय ते पडद्याआडून बघायच्या. आम्ही दोन गल्ल्या सोडून राहतो. बायको रोज शाळेतून येताना तिकडे डोकावायची.

“आई, चल, बागेत जाऊन येऊ.”

“आज नको. ऊन किती आहे.”

“अगं, ढग आलेत.”

“मग तर नकोच.”

माझी बायको शाळेत कवायत शिकवते. तिने शिट्टी फुंकली की अख्खी शाळा एका रेषेत उभी राहते, हेडमास्तरांसकट. पण आईपुढे तिची डाळ शिजत नव्हती. घरी येऊन ती पिशवी टेबलावर ठेवायची आणि खिडकीपाशी बसून राहायची. मला ते बघवत नव्हतं.

अशात एक दिवस गावाबाहेरच्या गोदामाच्या मालकाचा बायकोला फोन आला. इमारत पाडायची आहे, तुमच्या वडिलांचा गाळा रिकामा करा. बाबांचा गाळा? आम्हा दोघांनाही हे नवीन होतं. जाऊन बघतो तर शटर गंजून जमिनीला चिकटलेलं. अर्धी बाटली तेल ओतलं, दोघांनी मिळून जोर लावला, तेव्हा कुठे ते कुरकुरत वर गेलं. आत एक भलीमोठी ताडपत्री होती आणि ताडपत्रीखाली गाडी.

दोन दारांची, लांब नाकाची, कापडी टपाची उघडी गाडी! चारही टायर बसलेले, दिव्याचा एक डोळा फुटलेला, गाद्यांमध्ये उंदरांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केलेले. तरी रुबाब असा, की मी नकळत शर्ट खोचला.

“ही तर बाबांनी विकली होती,” बायको म्हणाली.

विकली नव्हती. डोळे अधू झाल्यावर डॉक्टरांनी गाडी चालवायची बंदी केली, तेव्हा सासरेबुवांनी सगळ्यांना “विकून टाकली” असं सांगितलं आणि गुपचूप इथे आणून ठेवली. बायकोने स्टिअरिंगवरून हात फिरवला, तोच हात डोळ्यांना लावला, आणि गाळ्याबाहेर येईपर्यंत तिचा चेहरा कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा झाला होता. मी शटर खाली ओढलं. काही वेळा नवऱ्याने बोलू नये, हे मला लग्नानंतर बऱ्याच उशिरा कळलं.

आम्ही तसेच सासूबाईंकडे गेलो. त्या मटार सोलत होत्या.

“आई, बाबांची गाडी सापडली. त्यांनी विकलीच नव्हती.”

“ठाऊक आहे.”

“तुला ठाऊक होतं?”

“महिन्यातून एकदा बाहीला ग्रीस लावून घरी यायचे. गाडी विकलेला माणूस ग्रीस कशाला लावून येईल?”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“एवढं एकच तर लपवलं होतं माझ्यापासून. तेही पकडायचं म्हणजे बिचाऱ्यांकडे काय उरलं असतं?”

एवढं बोलून त्यांनी एक शेंग मोडली, पण दाणे सालींत टाकले आणि सालं पातेल्यात. बायकोने ते पाहिलं. ती हळूच म्हणाली, “चल ना, बघून येऊ.”

“ती चालत इथे दारात आली, तर बसेन,” सासूबाई म्हणाल्या. “त्याआधी मी हलणार नाही.” आणि ज्या शांतपणे त्या हे बोलल्या, त्यावरून ती गाडी जन्मात चालणार नाही याची त्यांना पुरेपूर खात्री असल्याचं दिसत होतं.

“ठरलं!” मी म्हणालो.

“आधी चालू तर द्या, जावईबापू.”

झालं. मी पेटून उठलो. हा प्रश्न आता गाडीचा राहिला नव्हता. गाडी दारात गेली तर त्या बाई घराबाहेर येणार होत्या, आणि माझी बायको खिडकीपाशी बसायची थांबणार होती.

आमच्या गावात एक गॅरेजवाला आहे. त्याला सगळे ‘होऊन जाईल’ म्हणतात, कारण त्याच्याकडे काहीही न्या, तो दुसरं काही बोलतच नाही. गाडी ओढत त्याच्याकडे नेली. त्याने बॉनेट उघडलं, आत एक पक्ष्याचं घरटं होतं ते बाजूला ठेवलं आणि म्हणाला, “होऊन जाईल.”

“कधीपर्यंत?”

“होऊन जाईल.”

हिवाळा गेला. मी दुकान बंद केलं की गॅरेजवर जायचो आणि त्याला पाना द्यायचो. बहुतेक वेळा चुकीचा द्यायचो. ब्रेक झाले, रेडिएटर झाला, दिव्याचा डोळा आला. अखेर एका संध्याकाळी गाडी एकदा शिंकली, दोनदा खोकली, आणि चालू झाली! मी गॅरेजवाल्याला मिठी मारली. त्याने माझ्या पाठीवर दोन्ही पंजे उमटवले.

“फक्त एक आहे,” तो म्हणाला. “ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढायचा नाही. काढला की ती बंद पडणार, आणि पुरती गार झाल्याशिवाय परत चालू व्हायची नाही.”

“पाय काढतोय कोण! आता राहिल्या गाद्या आणि टप.”

“गादीवाल्याला सांगून ठेवतो.”

इथे मी हसलो. मोठ्याने हसलो, हे मला आजही आठवतं.

“गादीवाला कशाला? गादी म्हणजे काय? फळी, त्यावर कापूस, त्यावर कापड. पुस्तक म्हणजे काय? पुठ्ठा, त्यावर कागद, त्यावर कापड. हे काम माझं आहे.”

“होऊन जाईल,” तो म्हणाला, पण या वेळी जरा दबकत.

मी माझं सगळ्यात भारी कापड काढलं. गडद हिरवं, ज्यात मी फक्त शब्दकोश बांधतो. गादीवाले खिळे ठोकतात, शिलाई घालतात. मी म्हटलं, खिळा गंजतो, दोरा कुजतो. सरस मात्र सरस असतो. ज्यांनी सरस पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा डिंक पाण्यात भिजवून मंद आचेवर पातळ करतात, आणि एकदा वाळला की दगड. पाठीच्या गादीवर तर मी पुस्तकासारखं अखंड कव्हर चढवलं, पुढून मागे वळवलेलं. मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, सवयीप्रमाणे ठसाही मारला.

“अहो, हे पुस्तक नाही,” बायको म्हणाली.

“म्हणून तर दुप्पट लावलाय.”

टपाचं नवं कापडही लोखंडी कमानींवर मी सरसानेच बसवलं आणि घडी करून मागे ठेवून दिलं. वाळायला जरा वेळ द्यायला हवा होता. पण रविवार जवळ आला होता आणि मला धीर नव्हता.

रविवारी सकाळी मी गाडी आंघोळ घातल्यासारखी धुतली, गाद्या ओल्या फडक्याने चमकेपर्यंत पुसल्या आणि सासूबाईंच्या दारात नेऊन उभी केली. पाय ॲक्सिलरेटरवर, हात हॉर्नवर. बायको मागच्या सीटवर होती. तिने खाली जाड टॉवेल पसरला होता. कपडे खराब होतील, म्हणाली. मला त्या टॉवेलचा इतका राग आला होता की विचारू नका. आमच्या मागे स्कूटरवर गॅरेजवाला होता.

खिडकीचा पडदा हलला. मग बराच वेळ काहीच नाही. बायकोने माझा खांदा घट्ट धरून ठेवला होता. आणि मग दार उघडलं.

सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, केस नीट विंचरून उभ्या होत्या. म्हणजे त्या तयारच होऊन बसल्या होत्या! त्या पायऱ्या उतरल्या, गाडीला पूर्ण वळसा घातला, आणि समोरच्या दिव्यावर बोट टेकवून म्हणाल्या, “एक डोळा नवा वाटतो.” मग माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी उगाच आणखी एकदा हॉर्न वाजवला.

“कुठे जायचं, आई?”

“कुठेही न्या. फक्त मी उतरणार नाही. एक चक्कर मारायची आणि मला परत आणून सोडायचं.”

निघालो. लोक थांबून बघत होते. सासूबाई समोर बघत ताठ बसल्या होत्या, पण एका वळणावर आपसूक म्हणाल्या, “हे इथे गिअर बदलायचे.” मी बदलला. गाडीने आचका दिला. “असा नाही,” त्या म्हणाल्या, आणि मी आरशात पाहिलं तर बायको हसत होती.

बाजारात शिरलो तसं ऊन तापलं. पुढे एक हातगाडी, तिच्यापुढे दुसरी, आम्ही मुंगीच्या पावलाने सरकतोय.

“जरा टप ओढा,” सासूबाई म्हणाल्या.

मी मागे खूण केली. बायकोने टप ओढला. कमानी दिमाखात वर आल्या आणि कापड होतं तिथेच घडी होऊन बसलं. घडीवर घडी चिकटून त्याचा ठोकळा झाला होता. आमच्या डोक्यावर आता नुसत्या लोखंडी फासळ्या होत्या, आणि त्यातून ऊन आधीपेक्षा जास्त लागतंय असं मला उगाच वाटायला लागलं.

तेवढ्यात घड्याळजींचं दुकान आलं. घड्याळजी डोळ्याचं भिंग न काढताच बाहेर धावले. “ही तर साहेबांची गाडी!” ते म्हणाले, आणि मग आत कोण बसलंय ते पाहून एक पाऊल मागे सरकले. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. घड्याळजींची बायको म्हणजे सासूबाईंची शाळेपासूनची मैत्रीण. एवढ्या काळात ही मैत्रीण एकदाही फिरकली नाही, याची सासूबाईंच्या मनात अढी होती. बोलत नव्हत्या, पण होती.

“अगं, तू?” खिडकीतून हाक आली. “मेले, किती निरोप पाठवायचे तुला?”

“कसले निरोप? तुला यायला काय झालं होतं?”

“काय झालं होतं? हे झालं होतं!” आणि खिडकीत एक पाय वर आला. मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टर. “दुसऱ्यांदा मोडलाय! जिना उतरता येत नाही. यांना निरोप द्यायला सांगितला होता.”

घड्याळजींनी भिंग काढलं आणि ते पुसायला लागले. एकूण निरोप त्यांच्यापाशीच थांबले होते.

“वर ये ना,” मैत्रीण म्हणाली. “दोन मिनिटं ये.”

मी इंजिन घुरघुरत ठेवलं. सासूबाईंनी दोन्ही हात दारावर ठेवले. जरा पुढे झुकल्या. परत मागे टेकल्या. आणि बारीक आवाजात म्हणाल्या, “माझ्याने उठवत नाही.”

बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी त्यांच्याकडे वळून, पाय न हलवता, भाषण सुरू केलं. “आई, मला कळतंय. ही जागा सोडणं सोपं नाही. इथे त्यांच्या शेजारी तुम्ही किती वर्षं बसलात. पण बाबांनाही वाटलं असतं की तुम्ही उठावं. मनाचा हिय्या करावा, आणि…”

“अहो जावईबापू.”

“बोला, आई. मन मोकळं करा.”

“मन मोकळंच आहे. मी चिकटलेय.”

“आठवणी चिकटतातच, आई.”

“आठवणी नाहीत हो, मी! गादीला!”

मी हात लावून पाहिलं, तर माझी बोटंही चिकटली. ओल आणि ऊब लागली की सरस पुन्हा पातळ होतो. हे बायंडरच्या दुकानात पहिल्या दिवशी शिकवतात. पण माझ्या आयुष्यात मी बांधलेल्या एकाही पुस्तकावर कोणी उन्हात बसलेलं नव्हतं! कापडातून झिरपून सरस वर आला होता, आणि वरून ऊन लागून आता पुन्हा वाळतही चालला होता.

“गरम पाणी आणा,” मी ओरडलो.

“होऊन जाईल,” म्हणत गॅरेजवाला समोरच्या चहावाल्याकडे पळाला आणि किटली घेऊन आला. गर्दी जमली. कोणी म्हणे कात्री आणा, कोणी म्हणे गादीच उचलून वर नेऊ, एक गृहस्थ म्हणाले की थोडं थांबलं की आपोआप सुटतं, त्यांच्या काकांचं तसंच झालं होतं. मी जागेवरून सूचना देत होतो, कारण पाय काढायची सोय नव्हती. बायकोने शिट्टी फुंकली. गर्दी रेषेत उभी राहिली!

“आई, थोडं गरम पाणी ओतू का?” मी विचारलं.

“कुठे?” सासूबाईंनी विचारलं, आणि वरच्या खिडकीतून इतक्या जोराने हसण्याचा आवाज आला की त्यांनाही हसू फुटलं. त्यांचं हसणं मी जवळजवळ विसरलो होतो. ते सुरू झालं की थांबत नसे. त्या गदागदा हसत होत्या आणि बायको कडेकडेने किटली ओतत होती, थोडं पाणी, थोडे अश्रू.

खालची गादी सुटली. बायकोने त्यांना काखेत धरलं. “एक, दोन, तीन!” आणि सासूबाई वर आल्या. पण एकट्या आल्या नाहीत. उशीचा अभ्रा निघावा तसं पाठीच्या गादीचं अख्खं कव्हर त्यांच्याबरोबर वर आलं. गादीवर कापूस राहिला, आणि सासूबाईंच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत गडद हिरवं कापड. खालच्या कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत, ‘बांधणी पक्की’.

बायको ते ओढायला गेली.

“राहू दे. कपडे फाटतील,” सासूबाई म्हणाल्या. “वर जाऊन सोडवू. तिच्याकडे गरम पाणी असेलच.” आणि सगळ्या बाजारादेखत, पाठीवर माझी जाहिरात घेऊन, त्या जिना चढून गेल्या. आजूबाजूच्या चार बायका आणि माझी बायको त्यांच्यामागून गेल्या. घड्याळजी खाली मान घालून गेले. त्यांना बघण्याच्या नादात माझा पाय निघाला.

गाडी बंद पडली. आता थांबायचंच, तर आपणही वर जाऊन बसावं म्हणून मी उठायला गेलो.

ओळखलंत ना? मी तर त्यांच्याहून आधीपासून बसलो होतो.

मी हाक मारली. वर हसण्याचा गलका चालला होता, कोणाला ऐकू जाणार? गॅरेजवाला किटली परत करायला गेला तो चहावाल्याकडेच रमला. लोक येऊन गाडी बघत होते, मला विचारत होते, ही किती जुनी, टपाची फॅशन अशीच का. मी हसून उत्तरं देत होतो. ऐटीत बसलोय असंच दिसत असणार.

ऊन कललं तेव्हा सासूबाई खाली आल्या. पाठ मोकळी झाली होती.

“आई, पाच मिनिटं. गाडी गार झाली की सोडतो तुम्हाला,” मी म्हणालो.

“मी चालत जाईन. तशी दुकानं तरी बघता येतील.” त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. बहुधा त्यांना कळलं असावं. “तुम्ही या सावकाश,” त्या म्हणाल्या.

आणि लेकीचा हात धरून त्या बाजारातून चालत निघाल्या, प्रत्येक दुकानापाशी थांबत. मी त्यांना कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिलो. दुसरीकडे जाणं मला शक्यही नव्हतं. माझी सुटका दिवेलागणीला झाली, आणि पँटची झालीच नाही.

दुसऱ्याच दिवशी मी निमूटपणे गादीवाल्याला बोलावलं. त्याने माझं काम पाहिलं आणि खिळ्यांचा डबा उघडला. खिळे, शिलाई, नवा टप, सगळं त्याच्या पद्धतीने. पुढच्या रविवारी मी गाडी पुन्हा झकास पुसली, या वेळी कोरड्या फडक्याने, आणि सासूबाईंच्या दारात नेऊन उभी केली. आता गाद्या अशा की राजाने बसावं. त्यांना सबंध गाव फिरवून आणायचं, तलावापर्यंत न्यायचं, असं सगळं मनात ठरवून मी ऐटीत हॉर्न वाजवला. पडदा हलला नाही. पुन्हा वाजवला. शेवटी पाय काढला, गाडी बंद पडू दिली आणि उतरून दारापाशी गेलो.

दाराला बाहेरून कुलूप होतं.